येळवसेच्या आदल्या दिवशी

४ जानेवारी २०१९, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे आमची येळवस. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी घरात कोणी थांबत नाही. शहराचे रस्ते ओस पडतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो. माझं लातुरात बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. शेत नाही. बावीस वर्षं आम्ही घरचे सगळे एकाच मित्राच्या शेतात येळवसेला जात होतो. त्या शुक्रवारी मी जे केलं त्यानंतर ते जाणं बंद पडलं. घरी मी याचं खरं कारण कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं.

हा मित्र आणि आणखी दोघे असे आम्ही चौघं १९८८ पासून तीन वर्षं नांदेडला वजिराबादेत एका खोलीत राहिलो. त्याला आम्ही मालक म्हणायचो, कारण खोलीतलं धान्य त्याच्या घरून यायचं. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे वडील एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून आणायचे. सोबत तुरीची डाळ, शेंगदाणे, कधी गुळाची ढेप. आम्ही चौघं ते खायचो. कोणी किती खाल्लं हा विषय तीन वर्षांत एकदाही निघाला नाही. पुढं एक जण नांदेडलाच वकील झाला, एक पुण्याला नोकरीत गेला, मी लातुरात दुकान टाकलं. मालक अहमदपूर तालुक्यातल्या आपल्या गावी शेतीवर परतला.

पुण्याचा मित्र त्या आठवड्यात नांदेडला आला होता. वकिलानं फोन केला की चौघं भेटू. मालक नको म्हणाला. उद्या येळवस आहे, आज घरी काम आहे, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं. येळवसेची भज्जी म्हणजे साधी भाजी नव्हे. तूर, वाटाणा, हरभरा, चवळी, मेथी, जे जे शेतात असेल ते सोलून-निवडून आदल्या रात्रीच तयार ठेवावं लागतं. बाया रात्रभर जागतात. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील आधीच लावून ठेवलेली असते. तरी मी सकाळी अकराला त्याच्या दारात गाडी उभी केली आणि वहिनींना म्हणालो, "आठच्या आत आणून सोडतो." त्या म्हणाल्या, "भाऊजी, उशीर करू नका बरं." मी हो म्हणालो. हा शब्द मी दिला होता. त्यानं मागितला नव्हता.

वाटेत मालकानं दोन गोष्टी सांगितल्या. हरभऱ्यावर घाटेअळी दिसायला लागली आहे, उद्या येताना दुकानातून औषध घेऊन ये, पैसे माझ्याजवळ आहेत. त्यानं बंडीच्या खिशावर हात ठेवून दाखवलं. आणि नांदेडात आंबिलीसाठी नवं बिंदगं घ्यायचं आहे, जुन्याला चीर गेली. ते आम्ही दुपारी घेतलं. मातीचं, चांगलं भाजलेलं. बोटानं वाजवून पाहून त्यानं ते निवडलं आणि पिशवीत कडबा घालून ठेवलं.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही एका हॉटेलात बसलो. टेबलावर जाड कागदाचं कार्ड उभं केलेलं होतं. हॅपी अवर्स, चार ते सात, एकावर एक मोफत. पुण्याच्या मित्राला हा प्रकार माहीत होता. मला नवा होता. मी दुकानदार माणूस, एकावर एक म्हटल्यावर माझ्या डोक्यात हिशेबच सुरू झाला. पेगची किंमत कार्डावर किती, बाहेर बाटली कितीला, दोन मिळाले तर एक कितीला पडतो. असा हिशेब करताना आपण हुशारी करतो आहोत असंच वाटतं. मलाही वाटलं.

आता या धंद्याकडं दुकानदाराच्या नजरेनं पाहिलं की सगळं स्वच्छ दिसतं. मीही हंगामाच्या शेवटी खताबरोबर काहीतरी फुकट देतो, ते माल हलावा म्हणून. परमिट रूमला पेगचा भाव आधीच बाटलीच्या हिशेबात खूप वर असतो, त्यामुळं दुसरा पेग फुकट देऊनही बारवाल्याचं नुकसान होत नाही. खाणं या सवलतीत बसत नाही. फुकट मिळतात ते खारे शेंगदाणे आणि फुटाणे. ते खाल्ले की तहान लागते, तहान लागली की आणखी मागवलं जातं, आणि पोटात भूक पेटली की पनीर चिली, चिकन लॉलीपॉप पुऱ्या भावानं येतात. पण खरी मेख घड्याळात आहे. पावणेसातला वेटर येऊन म्हणाला, "सर, लास्ट ऑर्डर. सातनंतर फुल रेट." आमचं तोवर एकदाच मागवून झालं होतं, एकाचे दोन पेग. मी म्हणालो, अजून दोनदा आत्ताच सांगून ठेवू. कोणाला प्यायची होती म्हणून नव्हे, सात वाजत होते म्हणून. चार चार ग्लास एकेकापुढं येऊन उभे राहिले. मालक सोडून.

त्या टेबलाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं जसंच्या तसं आहे. बारा ग्लास ओळीनं. त्यांतला बर्फ विरघळत चाललेला, दारूचा रंग उतरत चाललेला, आणि सनमायकावर ग्लासांच्या बुडांची पाण्याची कडी. मालकानं एक लिंबू सोडा घेतला होता. मसाला पापडाचे दोन तुकडे खाल्ले असतील. तो दारू पीत नाही, मटण-मच्छी खात नाही. बिंदग्याची पिशवी त्यानं खुर्चीखाली, दोन पायांच्या मध्ये धरून ठेवली होती. साडेसातला तो मला हळूच म्हणाला, "निघू या का?" मी समोरच्या ग्लासांकडं हात केला. पैसे दिलेत, टाकायचे कसे?

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. हॅपी अवर हा शब्द अमेरिकी नौदलात १९१० च्या दशकात रुळला, तेव्हा त्याचा अर्थ जहाजावरचा करमणुकीचा तास एवढाच होता. दारूच्या दुकानदारीत तो पुढं आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९८४ मध्ये अशा सवलतींवर बंदी घातली. आयर्लंडनं २००३ मध्ये कायदा करून दिवसातल्या ठरावीक वेळेपुरती दारू स्वस्त विकणं बंद केलं. कारण दोन्हीकडं साधंच होतं. वेळेची मुदत घातली की माणूस कमी वेळात जास्त पितो आणि मग रस्त्यावर येतो. मी वाचलं तेव्हा मला पावणेसात वाजताचा तो वेटर आठवला. त्याचा काही दोष नव्हता. त्यानं वेळ सांगितली, बाकी मी केलं.

सव्वाआठला बिल आलं. ४,५२० रुपये. त्यात एक ओळ होती, परमिट चार. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, तेव्हा पाच रुपयांचा. न पिणाऱ्या मालकाच्या नावचाही तो लावलेला होता. मी बिल हातात घेतलं आणि मोबाइलवर भागिले चार केलं. "प्रत्येकी अकराशे तीस. सवलत नसती तर केवढ्याला गेलं असतं बघा," असंही म्हणालो.

चूक नेमकी इथं झाली, आणि ती दारूमुळं झाली असं मी म्हणणार नाही. भागाकार करण्याइतका मी शुद्धीत होतो. मालकाची माझ्या दुकानातली उधारी मला तोंडपाठ होती, १८,४०० रुपये, खरीपाच्या बियाण्याची आणि खताची. २०१८ चा पावसाळा मराठवाड्याला मारून गेला होता. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. सोयाबीनचा त्या वर्षीचा हमीभाव ३,३९९ रुपये क्विंटल. अकराशे तीस म्हणजे तेहेतीस किलो सोयाबीन. हे गणित जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला पाठ असेल? रोज तेच करत होतो. तरी ज्या माणसाच्या ज्वारीवर तीन वर्षं जगलो, त्याच्याकडून एका लिंबू सोड्याचे अकराशे तीस मागितले.

मालक काही बोलला नाही. त्यानं बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिची गुंडाळी उलगडली. पाचशेच्या दोन नोटा आणि शंभराची एक टेबलावर ठेवली. पिशवी उलटी करून पाहिली. "तीस कमी आहेत. उद्या शेतात देतो," म्हणाला.

मी म्हणालो, "राहू दे रे तीस."

वकील आणि पुण्याचा मित्र तेव्हा वेटरशी बोलत होते, त्यांनी ऐकलंही नसेल. पण मालकानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून रिकाम्या पिशवीची पुन्हा गुंडाळी केली. ते औषधाचे पैसे होते हे मला माहीत होतं. सकाळीच त्यानं सांगितलं होतं.

खाली गाडीजवळ आलो तेव्हा वकील म्हणाला, आज इथंच राहा. मी म्हणालो, वहिनींना शब्द दिलाय. आठ तर केव्हाच वाजून गेले होते. मालक म्हणाला, "किल्ली दे, मी चालवतो." तो वीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता. मी म्हणालो, "ही ट्रॅक्टर नाही." हे शब्द माझ्या तोंडून गेले. ते मला परत घेता आलेले नाहीत.

नांदेड ते लातूर रस्त्याला विष्णुपुरी, सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावं लागतात. मी हा रस्ता शेकडो वेळा केला आहे, आणि त्याच भरवशावर होतो. डिसेंबर-जानेवारीत या रस्त्यावर दोन गोष्टी असतात हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक, कारखान्यांना ऊस नेणारे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागं दिवा नाही की लाल चकती नाही. दुसरी, माळेगावच्या खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षाच्या शेवटी ती भरते. घोडे, गाढवं, खेचरं, बैल यांचा बाजार आणि चहूबाजूंनी पायी येणारी माणसं. ते यात्रेचेच दिवस होते.

लोहा मागं पडलं. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला. तो गेल्यावर दिसलं की पुढं उसाची ट्रॉली आहे, अगदी पुढं. मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडं खाली घातली. कडेनं माणसं चालत होती. गाडी थांबली तेव्हा बोनेटपासून दोन हातांवर एक बाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. तिच्या मागं म्हातारा, त्याच्या हातात खेचराचा कासरा. ती बाई ओरडली नाही. उभ्या जागी खाली बसली आणि पोराला पोटाशी धरून राहिली. पोर रडायला लागलं तेव्हा मला कळलं की ते ठीक आहे.

मी स्टीअरिंग धरून बसलो होतो. मालक उतरला. त्या बाईपुढं जाऊन त्यानं हात जोडले. म्हाताऱ्यापुढंही जोडले. माझ्यासाठी तो माफी मागत होता आणि मी आत बसून होतो. मग तो दाराशी आला. पिशवी त्याच्या हातात होती, ती खळखळ वाजली. बिंदगं फुटलं होतं.

"किल्ली काढ," तो म्हणाला. मी काढली. "आता इथंच झोप. उजाडल्याबिगर गाडी हलवू नको. मी यात्रेच्या एसटीनं जातो." मी म्हणालो, बस, हळू चालवतो. तो म्हणाला, "आता काय करलालास तू, तुला कळंना झालंय." आणि त्या लोकांच्या बरोबर चालायला लागला. खापरांची पिशवी त्यानं टाकली नाही, बरोबर नेली.

कायदा रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ठेवतो. माझ्या पोटात सहा पेग होते. तेव्हा पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड होता, त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तो दहा हजारांवर गेला. कैद आधीही होती, आजही आहे. त्याआधी १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली होती, शहरातल्यांना पुढं मोकळीक मिळाली. त्या वेळी मी दुकानात बसून त्या आदेशाची बाजू घेत होतो. मला ना दंड झाला ना कैद. नाक्यावर कोणी अडवलं नाही. त्या बाईचं नाव-गाव मला माहीत नाही. तिला धक्का लागला असता तर माझं काय झालं असतं याचा विचार मी बरेच दिवस केला. तिचं काय झालं असतं, हा विचार त्यानंतर आला. हा क्रमही मला सांगितला पाहिजे.

पहाटे थंडीनं जाग आली. उजाडल्यावर लातूर गाठलं. बायको तयार होऊन बसली होती, मुलांनी पिशव्या भरल्या होत्या. मी म्हणालो, जायचं नाही, दुकानात काम आहे. येळवसेच्या दिवशी लातुरात एक दुकान उघडं नसतं हे तिला माहीत होतं. ती काही बोलली नाही. सकाळी आठपासून आमची गल्ली रिकामी झाली आणि दिवसभर आम्ही घरात बसून राहिलो. दुपारी एकदा लक्षात आलं की मालकाचा खिसा तर रिकामा होता. एसटीला पैसे कुठून आणले असतील? फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. त्या दिवशी जाऊन पाय धरले असते तर कदाचित सगळं निभावलं असतं. लाज वाटते म्हणून मी गेलो नाही आणि चार वर्षं गेलो नाही. रस्त्यावरच्या चुकीपेक्षा ही मोठी आहे, कारण ती मी रोज पुन्हा करत होतो.

घाटेअळीचं औषध त्यानं माझ्याकडून नेलं नाही. कुठून नेलं, नेलं की नाही, त्या वर्षी हरभरा किती झाला, मला कळलं नाही. पाडव्याच्या आधी तो दुकानात आला. उभ्यानंच नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या. १८,४०० आणि वर सुटे तीस. मी तीस मागं सारले. त्यानं ते पुन्हा पुढं केले. "पावती द्या," म्हणाला. तीस वर्षांत तो मला पहिल्यांदा अहो-जाहो करत होता. मी पावती लिहिली. माझं अक्षर बिघडलेलं त्या पावतीवर दिसत असणार.

पुढं करोनाची वर्षं आली. पुण्याच्या मित्राला आणि वकिलाला मी सगळं सांगितलं. दोघांनाही मालकाच्या अकराशे रुपयांची गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. आमचं चौघांचं बसणं त्या टेबलावरच संपलं.

२३ डिसेंबर २०२२, शुक्रवार, येळवस. मी एकटाच गेलो. गाडी फाट्यावर ठेवली आणि बांधानं चालत निघालो. आमच्याकडं या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात, ओळख असो नसो. मी त्या रीतीच्या आधारानं गेलो होतो, दुसरा आधार नव्हता. कडब्याची कोप दिसली, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव दिसले. मालक कोपीजवळ उभा होता. त्यानं मला ओळखलं, मी थांबलो. थोडा वेळ तसाच गेला. मग त्यानं हाक मारली, "या पाव्हणं, जेवायला बसा."

वहिनींनी बाजरीचे उंडे आणि भज्जी वाढली. त्यांच्याकडूनच कळलं की त्या रात्री तो माळेगावातून यात्रेकरूंच्या टेम्पोत अहमदपूरपर्यंत आला, तिथून गावापर्यंत चालत. पोहोचला तेव्हा तांबडं फुटलं होतं. आंबील त्यांनी जुन्याच, चीर गेलेल्या बिंदग्यातून शेतात नेली, कापड बांधून. मी मालकापुढं जे बोलायचं होतं ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. "जेवा आधी," म्हणाला, आणि माझा पेला आंबिलीनं भरला. रिकामा झाला की पुन्हा भरला. किती पेले झाले, कोणी मोजले नाहीत.

तेव्हापासून आम्ही घरचे सगळे पुन्हा येळवसेला त्याच्या शेतात जातो. माझ्या दुकानात तो रोखीनं घेतो, उधारीचं खातं त्यानं पुन्हा उघडलेलं नाही. दारू मी सोडली, पण ते सांगण्यासारखं नाही. मालक मला अजून 'तुम्ही'च म्हणतो.